भ्यालेली बाई कशी वागते

बाई सिनेमा पाहताना बोलत. शेजारणीशी नव्हे, पडद्यावरच्या बाईशी. टुरिंग टॉकीजच्या तंबूत बायकांची बाजू वेगळी, मधे कनात, खाली आम्ही पोतं अंथरून बसायचो. खुनी काळे हातमोजे चढवून जिना चढतो आहे, नायिका भिंतीला पाठ लावून किंचाळते आहे, अख्ख्या तंबूनं श्वास रोखला आहे, आणि नेमका तेव्हा आमच्या बाईंचा सावकाश आवाज यायचा, "असं नसते होत." पुढच्या बायका मागे वळून बघायच्या. कनातीपलीकडून कुणी पुरुष म्हणायचा, "चूप बसा ना वो बाई, पाहू द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. साठ सालानंतर लग्न होऊन मी राजूरला आले तेव्हा नवरा आणि त्याचे मोठे भाऊ, दोघंही कोळशाच्या खाणीत कामाला होते. घर एकच. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. धाकटीनं त्यांच्यापुढे डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही, अशी रीत. एका छपराखाली राहूनही आमच्यात शब्द नव्हता. भाजीत मीठ कमी असलं तरी ते भिंतीकडे बघून सांगायचे आणि मी भिंतीचं ऐकून मीठ वाढायची.

माझं माहेर कळंबचं आणि मला सिनेमाचं वेड. त्यातही खुनाचे, मारधाडीचे सिनेमे. तंबू लागला की मी बाईंच्या मागे लागायची. वाटायचं, घरातली मोठी बाई सोबत असली म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही. पुढं लक्षात आलं की त्यांना सोबत नेलं नाही तरी त्या एकट्या गेल्या असत्या. रडक्या सिनेमाला त्या कधी आल्या नाहीत. देवादिकांच्या सिनेमाचं तर नावच नको. भीतीचा सिनेमा मात्र एकही चुकवला नाही.

त्यांचं लक्ष नायिकेच्या चेहऱ्यावर नसे, हातांवर असे. नायिकेच्या हातून दिवा पडून फुटला की म्हणायच्या, "टाकते कायले? भेलेल्या मानसाच्या हातातून वस्तू सुटत नाही. उलटी घट्ट धरल्या जाते." ती मागे मागे सरकत भिंतीला टेकली की, "दार पुढं हाये, मांगं काहून जाऊन राह्यली?" खलनायक पिस्तूल रोखून आपला सगळा बेत सविस्तर सांगायला लागला की त्यांना हसू यायचं. "मारनारा एवढं बोलते का कधी? तो खाली पाह्यते." त्यांना हे सगळं कुठून माहीत, असा प्रश्न मला पहिली दोन वर्षं पडला नाही. मी आपली चिडायची. एकदा तर घरी येताना म्हटलंही, "बाई, तुम्ही येत जाऊ नका, माझी मजा जाते." त्या म्हणाल्या, "बरं." पुढच्या सिनेमाला त्या माझ्याआधी लुगडं बदलून तयार होत्या.

एका सिनेमात मात्र त्या गप्प राहिल्या. वाड्यात डाकू शिरतो. मालकीण किंचाळून बेशुद्ध पडते आणि म्हातारी मोलकरीण डाकूला बघून चटई झटकून अंथरते. 'बसा' म्हणते. तंबू हसून हसून लोळला. मीही हसले. बाजूला पाहिलं तर बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "ही खरी," एवढंच त्या म्हणाल्या आणि मग शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटत नाही त्यांनी पुढचा सिनेमा पाहिला असेल. परत येताना वाटेत, मी न विचारता, त्यांनी मला सगळं सांगितलं.

आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मंडळी मारेगावकडच्या एका खेड्यात राहत होती. देव्हाऱ्यातले देव नाल्यात सोडले आणि मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. थोड्या दिवसांनी गावच्या एका मोठ्या घरचा बैल मेला. भासऱ्यांना बोलावणं आलं, भासरे गेले नाहीत. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी, ते मारेगावला गेले असताना, भरदुपारी माणसं अंगणात येऊन उभी राहिली. हातात काठ्या, एकाजवळ रॉकेलचा डबा. बाई दारात बसून तूर पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "या. पानी देऊ?"

आता ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही त्यांच्या अंगणात ही माणसं आलेली, आणि तीही घर जाळायला. पण दारात माणूस आला की पाणी विचारायचं, हे बाईंच्या जिभेला लहानपणापासून लागलेलं. गंमत म्हणजे पुढच्या माणसाच्या जिभेलाही ते लागलेलंच होतं. तो म्हणाला, "नोको, आत्ताच पिऊन निंघालो." आणि मग सगळे तसेच काठ्या टेकून उभे राहिले. बाई खाली बघून पाखडत राहिल्या. "हात थांबवला असता तं थरथरला असता," त्या मला म्हणाल्या, "अन् ते त्याइले दिसलं असतं." शेवटी त्या माणसानं जमिनीकडे बघत सांगितलं की आजच्या आज गाव सोडा, आणि जाता जाता एकानं छपराला काडी लावली. घरातली पेटी, भांडी, गोधड्या सगळं आत राहिलं. बाई बाहेर आल्या त्या हातात सूप घेऊन. सुपात तूर तशीच होती.

"लय हिंमत केली तुम्ही," मी म्हटलं.

"हिंमत कायची वो? आवाजच निंघला नाही."

पोलिसात तक्रार झाली, तालुक्याच्या कोर्टात केस उभी राहिली. आमच्या बाजूच्या वकिलांनी आधीच बाईंना बाजूला घेऊन समजावलं होतं, "आरडाओरडा केला, मदतीला हाका मारल्या, एवढं सांगा. बाकी मी बघतो." बाई म्हणाल्या, "पन मी ओरडलीच नाही." कठड्यात उभं राहिल्यावर पलीकडच्या वकिलानं विचारलं, घर जाळायला आलेल्यांना तुम्ही पाणी विचारलं? हो. किंचाळलात? नाही. पळालात? नाही. पेटल्या घरातून सूप तेवढं आणलंत? हातात होतं म्हनून आलं. कोर्टात बसलेले लोक हसले. मग वकील म्हणाला, मग या बाईंना भीती वाटली हे मानायचं कशावरून? माणसं सुटली. निकालाला आणखीही कारणं असतील, मला कायदा कळत नाही. पण बाईंनी जे कारण ऐकलं ते हेच.

मला आजही त्या वकिलाचा राग येतो. भीतीनं दातखीळ बसते, बोबडी वळते, पाचावर धारण बसते, हे आपणच म्हणतो ना? यातल्या कुठल्या म्हणण्यात माणूस किंचाळतो? तरी खरी भ्यालेली बाई समोर आली की आपल्याला ती पडद्यावरच्यासारखी हवी असते. बाई तंबूत बसून काय शोधत होत्या, ते मला त्या रात्री कळलं. आपल्यासारखं वागणारी एखादी बाई दिसते का, हे त्या बघत होत्या. पुढं मी त्यांना कधी गप्प बसा म्हटलं नाही.

कोर्टानं मानलं नाही, याचं दुःख त्यांनी गिळलं असतं. घरच्या माणसानंही मानलं नाही, ते गिळत नव्हतं. भासरे त्या दुपारी घरी नव्हते. त्यांना कळलं ते लोकांच्या तोंडून, आणि लोक हसत सांगत, 'तुही बायको पानी पाजत होती म्हने.' गाव सुटलं, घराची जागा गेली, जमिनीवर काम करणारा माणूस खाणीत जमिनीखाली कामाला गेला. जेवायला बसले की कधीमधी ते भिंतीला सांगत, "ओरडली म्हनून कोर्टात एक शब्द बोलली असती, तं आज आपन गावात असतो." बाई भाकरी वाढत. एकदा त्यांनी सरळच विचारलं, "खरंच भेली होती का तू?" बाई म्हणाल्या, "भेलती." भासऱ्यांनी हात धुतला आणि ते बाहेर जाऊन बसले. मी पदराआडून सगळं ऐकत होते. जाऊन त्यांना चार शब्द सुनावावेत असं फार वाटलं, पण रीत आडवी आली.

आणि मग बाईंचं पोट दुखायला लागलं. आधी त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. ताप चढला तेव्हा भासरे आणि मी त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात घेऊन गेलो. गर्दी होती. एक बाई बोट कापलं म्हणून रडत होती, तिला लगेच आत घेतलं. आमच्या बाई बाकावर ताठ बसलेल्या, लुगडं नीट, चेहरा राखेसारखा. दाराशी उभा असलेला माणूस त्यांच्याकडे बघून म्हणाला, "ह्या बऱ्या दिसतात, ह्यांना थांबू द्या." ऊन कलायला लागलं तरी आम्ही बाकावरच.

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाई, ओरडा ना थोडं. कोणी तरी पाहीन."

त्या म्हणाल्या, "येत नाही वो मले."

तेव्हा मी ओरडले. डोक्यावरचा पदर पडला, समोर भासरे उभे, आणि मी तंबूत पाहिलेल्या सगळ्या नायिकांसारखी छाती फोडून किंचाळले. डॉक्टर धावत आले. त्यांनी बाईंच्या पोटावर हात ठेवला, त्यांचा चेहरा उतरला आणि ते त्या दारवाल्यावर खेकसले. जीप मिळवून बाईंना यवतमाळला नेलं. पण आतडं फुटून गेलं होतं. बाई वाचल्या नाहीत.

भेटायला राजूरची माणसं आली, तशी जुन्या गावचीही चार-दोन आली. अशा वेळी बोलतात तसं त्यातला एक वयस्क माणूस बोलला, "बाई नशिबाची. तरास नाही, बोंब नाही. सुखानं गेली."

भासरे खाली मान घालून बसले होते. त्यांनी मान वर केली आणि या वेळी भिंतीकडे न बघता ते त्या माणसाकडे बघून बोलले. "सुखानं नाही गेली. लय दुखलं तिले. ओरडली नाही, एवढंच." मग म्हणाले, "त्या दिवशी बी भेलती ती."

मी दाराआड चहा गाळत होते. भासऱ्यांनी हे बोलायला इतकी वर्षं घेतली, आणि ज्यांनी ऐकायचं त्या बाईच आता नव्हत्या. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. मी चहा घेऊन बाहेर गेले आणि पहिला कप त्यांच्या हातात दिला.