बेटावरच्या कंपनीचा डायरेक्टर

रियाधजवळच्या अल सुलैमध्ये एका यार्डात केरू पाण्याच्या टाक्यांना वेल्डिंग मारायचा. शाळा सातवीपर्यंत, पण इंग्रजी सही मात्र झोकदार. तीच एकदा हिशेब बघणाऱ्या हेमचंद्र साहेबांच्या नजरेत भरली. २००३ साली त्यांनी केरूला एसीत बसवलं, चहा पाजला आणि चार कागदांवर सह्या घेतल्या. यार्ड कागदोपत्री कुठल्याशा बेटावरच्या कंपनीचं होतं. खऱ्या मालकाला कर वाचवायचा होता आणि आपलं नाव कुठे दिसायला नको होतं. म्हणून केरू डायरेक्टर झाला.

"साहेब, ते बेट कसं आहे?"

"मी पाहिलेलं नाही. मालकानंही नाही."

दरवर्षी सह्या झाल्या की केरूला खजुराचं एक खोकं मिळे. ते कामगारांच्या कॅम्पातले बत्तीसजण मिळून संपवत. "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," त्याच्याच गावचा पांडू फिटर म्हणायचा. बाकीचे त्याला 'डायरेक्टर' अशीच हाक मारत. केरूला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

२००९ साली मोठमोठ्या देशांनी अशा बेटांना दम भरला, की खरे मालक कोण ते सांगा. बेट घाबरलं. मालक त्याहून घाबरला. त्यानं कंपनीच बंद करायचं ठरवलं. म्हणजे यार्ड बंद आणि बत्तीसजण घरी. कामावरून काढल्याच्या पत्रांवर सही अर्थातच डायरेक्टरची लागणार होती.

"आणि मी नाही केली तर?" केरूनं हेमचंद्र साहेबांना विचारलं.

"तर काम नाही, पगार नाही, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रिन्यू नाही आणि देश सोडायला एक्झिट व्हिसाही नाही. सगळेच अडकतील."

केरू सह्या करत गेला. वेल्डरचा हात, एक अक्षर हललं नाही. त्याची त्यालाच लाज वाटली. बत्तिसावं पत्र त्याचं स्वतःचं होतं. त्यावरही त्यानं तशीच झोकदार सही केली.

पांडूनं आपलं पत्र वरून खाली पाहिलं. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," एवढंच म्हणून तो सामान बांधायला गेला. त्या दिवशी केरूला कुणी डायरेक्टर म्हटलं नाही.

कंपनीनं ठेवून घेतलेले पासपोर्ट वाटले गेले ते एकतीस.

"वेल्डर म्हणून तू खलास, केरू," हेमचंद्र साहेब म्हणाले. "डायरेक्टर म्हणून अजून आहेस. कंपनी बंद झाल्याचा कागद बेटावरून आला की तुझी एक्झिट."

"कधी येईल?"

"सांगता येत नाही. तिथं सध्या गर्दी आहे. सगळेच बंद करतायत."

केरूनं घरच्यांसाठी घेतलेल्या वस्तूंची बॅग पांडूनं आपल्या सामानात घेतली.

आठवड्यानं बायकोचा, कृष्णाबाईचा फोन आला. "पांडूभावजी आले, तुमची बॅग पण आली. तुम्ही कधी येताय?"

खोलीत बाकीच्या खाटांवरच्या गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या. एवढ्या वर्षांत घरी कधी न सांगितलेली गोष्ट केरूनं सांगितली.

"मला थांबावं लागतंय. मी कंपनीचा डायरेक्टर आहे."

मग फोन तसाच हातात धरून तिनं शेजारणीला हाक मारली, "अगो दमयंती, ऐकलंस काय? सगळ्यांना काढलं, पण आमच्या ह्यांना नाय सोडत!"

केरूनं तिला बोलू दिलं.