वर्षाचे गहू आणि पातेलंभर पीठ

दर उन्हाळ्यात मी कोठीत वर्षाचे गहू भरते आणि किडे लागू नयेत म्हणून मधे मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घालते. आज त्या पाल्याच्या कडसर वासानं मला गांधीबागेजवळचं आमचं जुनं घर आठवलं.

शहरात कर्फ्यू लागला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आई अगदी निश्चिंत होती, कारण घरात दोन कोठ्या भरून गहू होते. शेजारच्या शांताकाकू पीठसुद्धा दुकानातून दोन-दोन किलो आणायच्या, म्हणून आई त्यांना नावं ठेवायची. म्हणायची, "वेळ आली म्हणजे समजंल तिले."

वेळ आली ती आमच्यावरच. तिसऱ्या दिवशी पिठाचा डबा संपला आणि चक्की तर बंद. दोन्ही वेळा गव्हाच्या घुगऱ्या खाऊन धाकटा भाऊ रडायला लागला. ते ऐकून शांताकाकूंनी मागच्या भिंतीवरून पातेलंभर पीठ दिलं.

"लेकराले पोळी करून द्या, वहिनी."

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. पोळ्या झाल्यावर आईनं ते पातेलं गव्हानं भरून दिलं. काकूंना हसू आलं.

"आता दोघींच्याही घरी गहूच हाय, वहिनी. पीठ कोणाच्याच घरी नाही."

आई हसली, तिला पाहून मीही हसले. काकूंनी आम्हाला त्यांच्या घरातलं शेवटचं पीठ दिलं होतं, हे मात्र आज पाला घालताना माझ्या लक्षात आलं.