वारा पडेपर्यंत

नवेगाव बांधच्या तलावातलं बेट दाखवायला नातीला घेऊन गेलो, अन् परतायच्या वेळी वारा सुटला. नावाडी काही नाव काढेना. काठावर उकिडवा बसून तो वाळकं पान पाण्यावर सोडे, ते कुठं जाते पाहे, अन् मान हलवे. नात रडायला लागली. मी नावाड्यावर ओरडलो, “हा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला. तू मले पाणी शिकवून राहिला काय?”

“तलाव तुमचा असंन, बाबाजी,” तो पानावरची नजर न काढता बोलला. “वारा कोनाच्या बापाचा नाही.”

ऊन कललं तेव्हा कुठं वारा पडला. त्यानं नातीला नावेत बसवलं, मग माझ्यापुढं हात केला. कोणाचा हात धरून मी कधी नावेत चढलो नव्हतो. त्या दिवशी धरला.