मंगळवारचा चाइरो

माझी सासू बेनिग्ना एक्केचाळीस वर्षं पहाटे चारला उठते. आरेकिपा शहरात आमच्यासारखी खानावळ चालवणाऱ्या बाईला सुट्टी नसते, कारण इथे प्रत्येक वाराचं सूप ठरलेलं आहे. मंगळवारी चाइरो, शुक्रवारी कोळंबीचं. वार चुकला तर लोक पाद्र्याला माफ करतील, आम्हाला नाही. चूल लाकडाची, मिरची दगडावर वाटलेली. घरात मिक्सर आहे, पण आणल्यापासून तो फडक्याखालीच आहे.

गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एक दिवस हात पूर्ण बंद ठेवा, नाहीतर पुढे चमचाही उचलता येणार नाही. घरी येऊन ती म्हणाली, "एक वार सोडायचा." मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, तिच्या खांद्याचा विचार नंतर आला. अठरा वर्षं मीही तिच्याबरोबर चारलाच उठते आहे.

आमच्याकडे लांब बाकांवर सगळे खांद्याला खांदा लावून जेवतात, त्यामुळे बातमी पसरायला एक जेवण पुरलं. मग प्रत्येक वाराचे लोक रदबदली करायला लागले. कोर्टातले कारकून म्हणाले, शुक्रवारला हात लावायचा नाही. चांभार अनिसेतोने विचारलं, "सोमवारी मी काय बायकोच्या हातचं खाऊ?" सासू ऐकायची आणि वाढायची.

शेवटी तिने मंगळवार सोडला. पांढरा दगड तासणारे डॉन तेओफिलो तीस वर्षं दर मंगळवारी कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे. त्यांनी मक्याच्या दारूचा ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे माझाच वार फालतू."

"तसं नाही."

"मग कसं, डोन्या बेनिग्ना?"

तिने त्यांची ताटली उचलली आणि आत निघून आली. मंगळवारी गर्दी जरा कमी असते, म्हणून सोडला असेल, असं मीही धरून चालले.

पहिल्या सुट्टीला नऊपर्यंत झोपायचं मी ठरवलं होतं. सहालाच ती खाटेशी येऊन उभी.

"ऊठ. चूल पेटव."

"आई, आज बंद आहे ना?"

"म्हणून तर बाहेर लाल फडकं लावू नकोस."

लाल फडकं दिसलं की लोक आत येतात. मी लाकडं आपटत चूल पेटवली. मिरची मलाच वाटावी लागली. ती स्टुलावर बसून चुका काढत होती. मटण, सुकवलेला बटाटा, गहू, सगळं लहान पातेल्यात. म्हटलं, तेओफिलोंचा रुसवा काढायचा असेल. माझ्या झोपेची किंमत नाही कुणाला.

दुपारी दार वाजलं. बंद दाराबाहेर डॉन तेओफिलो होते.

"धूर दिसतोय, डोन्या."

"दिसू दे."

"चाइरोचा वास येतोय."

"नाक चांगलं आहे तुमचं."

"एक वाटी द्या की."

"आज बंद आहे."

"मग शिजतंय कुणासाठी?"

सासू त्यांच्याच कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली होती. उठली नाही. "माझ्यासाठी," ती म्हणाली. "मला चाइरो आवडतो. दर मंगळवारी दोनपर्यंत पातेलं रिकामं होतं. एक्केचाळीस वर्षं मी तळाला लागलेलं खरवडून खाल्लंय, तेही उभ्यानं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठरा वर्षांत "तुम्हाला काय आवडतं?" असं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मी वाटी भरली आणि तिच्यापुढे ठेवली. ती डाव्या हाताने, सांडत, सावकाश खायला लागली.

बऱ्याच वेळाने दारापलीकडून प्रश्न आला, "मिरची जमलीय का?"

"सुनेनं वाटलीय. भरड आहे."

"बरं. उद्या येतो."

त्यांची पावलं लांब गेली. तिने वाटी पुढे सरकवली. "अजून वाढ. आणि तूही बस."

दुसरी वाटी संपल्यावर तिने डोकं भिंतीला टेकलं आणि बसल्या जागी झोपली. मी भांडी घासायला उठले, मग परत बसले. भांडी तशीच पडू दिली.