अर्धं जुळलं

शहापूरच्या फाट्यावर तो पंक्चर काढायचा. ट्यूब पाण्यात बुडवण्याआधी गालाशी धरून तिला विचारायचा, "कुठं गो दुखतंय?" माझ्या स्कूटीला खिळे फार आवडत, त्यामुळे हे मी बरेचदा ऐकलं.

मुरबाडच्या सावत्र भावाशी त्याचं शेताच्या बांधावरून वैर होतं. त्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला. हाडातला मगज बदलला तरच तो जगणार होता, आणि सख्खं भावंड नव्हतं. बाहेरही कुणाचा मगज जुळेना. हा न बोलावता मुंबईला जाऊन रक्त तपासून आला. डॉक्टर म्हणाले, अर्धंच जुळतंय. हल्ली तेवढ्यावरही करतात, पण धोका आहे.

"सावत्र हाय, सायेब. अर्धंच जुळणार की!"

लोकांनी घाबरवलं, लंगडा होशील. "धंदा बसूनच हाय माझा," म्हणाला आणि कमरेच्या हाडातून मगज देऊन आला. नंतरचे कित्येक महिने मात्र तो ट्यूबशीसुद्धा बोलला नाही. मीही काही विचारलं नाही. विचारून भाऊ थोडाच बरा होणार होता?

एका सकाळी मी चाक काढून घेत उभी होते, तर भाऊच दुकानात आला. वाळलेला, तोंडाला फडकं बांधलेला, पण आवाज पार रस्त्यापलीकडे.

"माज्या आजारपणात बांध सरकवलास ना रे?"

हा पाना खाली ठेवून सगळं ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"बघा ताई, कसा बोंबलतोय! आता नाय मरत हा."