कच्चा आवाज

साखर कारखान्याचं गाळप सुरू झालंय. सकाळी दार उघडलं तर मळीचा आंबूस-गोड वास भवानीनगरभर पसरलेला. पाहुण्यांचा रुमाल लगेच नाकाला लागतो. मला मात्र त्या वासाने भूक लागते. शाळा सुटल्यावर हा वास आणि तव्यावरची भाकरी एकदमच भेटायची, म्हणून असेल. आजही भूक लागली, सवयीने स्वयंपाकघरात डोकावलो, आणि तिथे कुणी नव्हतं.

पुण्याच्या कॉलेजात मी व्हिडिओ गेम बनवायला शिकलो. गावात हे सांगणं म्हणजे हसं करून घेणं. "पोरांचा खेळ सुटावा म्हणून लोक कॉलेजात घालत्यात, ह्यो खेळायलाच गेला," असं शेजारचे तात्या चारचौघांत म्हणाले होते. आई ठसक्यात म्हणाली, "त्यो खेळत न्हाय तात्या, खेळ करतो." तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाजू घ्यायला कळावं लागतंच असं नाही.

कॉलेजात एक रीत होती. खेळ उभा राहीपर्यंत झाड, घर, आवाज, जे हाताशी असेल ते लावून टाकायचं आणि त्याच्या नावाआधी 'कच्चं' असं लिहायचं, म्हणजे शेवटी ते बदलायचं राहून जात नाही. माझ्या खेळात एक मुलगा उसाच्या फडातून वाट शोधत घरी पोचायचा, आणि उंबऱ्यावर त्याला आईची हाक ऐकू यायची. हाकेसाठी मी सुट्टीत आईसमोर फोन धरला. ती लाजली. "फोनला काय सांगू? तू तर हितंच हायेस." खरंच होतं ते. मग रेकॉर्डिंग चालू करून मी फोन मांडणीवर ठेवला, चपला घातल्या, बांधापर्यंत गेलो आणि परत आलो. दारात पाऊल पडताच ती म्हणाली, "आलास व्हय रं? हातपाय धू, ताट करते." मागे कुकरची शिट्टी झाली.

सरांनी अर्थातच तो आवाज बदलायला लावला. वर्गातल्या एका मैत्रिणीने छान, स्वच्छ आवाजात हाक भरून दिली. वर्षअखेरच्या प्रदर्शनाला आई नवं लुगडं नेसून आली. तिने धडपडत त्या पोराला घरी पोचवलं, हाक ऐकली आणि माझ्याकडे वळली. "ही कोण?" मी सांगितलं. ती समजुतीने म्हणाली, "ग्वाड हाय आवाज. बरं केलंस. माज्यात कुकर होता."

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. साधा वाटणारा ताप होता. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण फोटो बोलत नाहीत. महिन्याभराने जुनं सामान चाळताना 'कच्चं-आई' सापडलं आणि मी एकटाच खूप रडलो. स्वच्छ हाक काढून आईची हाक पुन्हा खेळात बसवली, शिट्टीसकट. नावाआधीचं 'कच्चं' खोडायला मात्र हात धजला नाही.

आजही मळीच्या वासात लॅपटॉप उघडून बसलोय. पोरगा उंबऱ्यावर उभा आहे आणि घर गप्प आहे. हाक एकदाच येते. पुन्हा ऐकायची तर त्याला घर सोडून दूर जावं लागतं. मी त्याला वळवतो, फडात शिरतो, पार बांधापर्यंत चालवत नेतो. मग परत फिरतो.