एक पाटा कमी

आमचे मिस्त्री कोणत्याही गाडीचं बॉनेट उघडण्याआधी मागच्या सीटवर जाऊन बसत. मालकाला स्टिअरिंग धरायला लावत आणि वाशीमबाहेरच्या खराब रस्त्यावर गाडी घ्यायला सांगत. "गाडी मांगं बसून समजते," असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकं हसत. मिस्त्रींना त्याचं काही वाटत नसे.

मी तेव्हा आसेगावकडे जनावरांचा डॉक्टर म्हणून नवाच रुजू झालो होतो. जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप घेतली होती आणि ती मला पार उंच करायची होती. स्प्रिंगच्या कडक कमानी, मोठी टायरं. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यात गाडी अडली, तर व्यायला आलेली म्हैस काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि मागं कोण बसतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आई. कंबरदुखीसाठी तिला दर महिन्याला वाशीमला आणावं लागे.

"मंग तुले चिखलातून निघाची गाडी पायजे, अन् मायले हसत घरी पोचवाची. दोन्ही एकातच बसवू."

त्यांनी जीप फक्त दोन इंच उचलली. कमानीतला एक पाटा, म्हणजे एक पोलादी पट्टी, काढून ती मऊ केली, शॉक ॲब्सॉर्बर बदलले, टायरं मध्यम नक्षीची घातली. चिखलात टायरची हवा कमी करायची, डांबरावर पुन्हा भरायची, हे माझ्याकडून घोकून घेतलं. मी जरा नाराजच होतो.

चार दिवसांनी किन्हीराजाजवळ एका शेतवस्तीवर आजारी बैल बघायला जायचं होतं. चाचणी म्हणून मिस्त्रीही आले. पोचलो तर तिथं घरच्या सुनेला कळा सुरू झालेल्या, आणि रुग्णवाहिका चिखलापलीकडे पक्क्या रस्त्यावरच थांबलेली. सासूच्या मांडीवर डोकं ठेवून तिला मागं निजवलं. मी घाईनं गियर टाकला, तसा मिस्त्रींनी माझा हात धरला. खाली उतरून त्यांनी चारही चाकांची हवा आणखी कमी केली.

"दबकत चाल. मांगं पोरगी आडवी हाये."

जीप रुतली नाही. सुनेला एकही दणका बसला नाही, असं सासू रुग्णवाहिकेपाशी उतरताना म्हणाली. संध्याकाळी मुलगी झाल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री गॅरेजभर पेढे वाटत फिरले, जणू त्यांनाच नात झाली होती.

गेल्या वर्षी ते लेकीकडे पुण्याला राहायला गेले. स्टेशनवर सोडायला मीच जीप काढली. वाटेत रस्त्याचं काम चाललेलं, नुसती गिट्टी. मी काहीतरी विचारायला वळलो. शेजारी पाहिलं, तर मिस्त्री तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. रेल्वेला अजून बराच वेळ होता. स्टेशन आलं, पण मी गाडी थांबवली नाही. वळवली आणि त्याच गिट्टीवरून हळूहळू आणखी एक फेरी मारून आणली.